एकतीस जूनची मुलगी

साहेब, तुम्ही एका सहा वर्षांच्या मुलीचा जन्मदिवस गिळलात आणि वर ढेकरही दिली नाहीत. हा आरोप आहे, विनंती नाही. घडलं कसं ते आता सगळ्यांनी ऐका.

जन्मनोंदणी कार्यालयात तारखांची चलाखी फार बोकाळली होती. आज केलेलं काम कालच केलं असं दाखवायला कारकून मंडळी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागेपुढे करत. म्हणून वरून परिपत्रक आलं: कॅलेंडरं उतरवावीत. प्रत्येक कर्मचाऱ्यास तारीख दाखवणारे मनगटी घड्याळ देण्यात येईल. घड्याळाच्या चौकटीत दिसेल तीच कार्यालयीन तारीख समजावी. कोणी आकडा फिरवू नये म्हणून चावी लाखेने कायमची बंद करावी.

एकशे चौदा घड्याळं आली. हात हलत राहिला की आपोआप चालणारी. मोठ्या साहेबांचा हात दिवसभर काही हलत नसे, म्हणून त्यांचं घड्याळ शिपायाने घालायचं ठरलं. लाख लावायचं काम बाजारातल्या घड्याळजीला मिळालं. डोळ्याला भिंग लावून बसणारा सरळ माणूस. त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "साहेब, हे यंत्र अडाणी आहे बिचारं. त्याला दर महिना एकतीसचाच वाटतो. तीस दिवसांचा महिना संपला की चावी ओढून आकडा हाताने पुढे ढकलावा लागतो."

"म्हणजे फेरफार?"

"फेरफार नाही हो, दुरुस्ती."

"हाताने तारीख बदलायची आणि तिला दुरुस्ती म्हणायचं! अहो, याच धंद्याला आळा घालायला घड्याळं आणली आपण. लावा लाख!"

घड्याळजीने लाख लावली. मे गुण्यागोविंदाने गेला. मग जून संपला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे चौदा मनगटांवर ३१ उगवला. कार्यालयात जरा कुजबुज झाली. साहेबांनी शिपायाचं मनगट धरून खात्री करून घेतली आणि निर्णय दिला: चौकटीत एक येईपर्यंत महिना बदलत नाही. सबब आज एकतीस जून.

नेमकी त्याच दिवशी घड्याळजीला मुलगी झाली. नोंदणीबाईंनी मनगट बघून दाखला लिहिला. दिवसभर लोकांच्या तारखा नीट करणाऱ्या या माणसाने आनंदाच्या भरात तो वाचलाच नाही. घडी घातली आणि ट्रंकेत ठेवला.

सहा वर्षांनी मुलीला, ठकीला, शाळेत घालायला म्हणून घडी उघडली. मुख्याध्यापिकांनी तारीख कॉम्प्युटरमध्ये घातली. कॉम्प्युटर म्हणाला, असा दिवस नाही.

"बघा बुवा," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ज्या मुलीचा एकही वाढदिवस झालेला नाही तिला सहा पूर्ण झाली असं मी कसं लिहू? पंधरा जुलै शेवटची तारीख. तोवर दाखला दुरुस्त करून आणा, नाहीतर वर्ष गेलं."

घरी बायकोने आणखी वेगळी हजेरी घेतली. "जन्मभर दुसऱ्यांची घड्याळं कुरवाळत बसा! पोटच्या पोरीचा एक दिवस सांभाळता आला नाही तुम्हाला!"

दहा जुलैला तो ठकीचं बोट धरून कार्यालयात गेला. रांग लांबलचक. नंबर लागला तेव्हा नोंदणीबाई म्हणाल्या, "पंधरा जुलै ना? मग दीड महिना आहे की अजून! एवढी घाई कसली?"

"ताई, आज दहा जुलै आहे."

"ते बाहेर. इथे तीस मे चालू आहे." त्यांनी मनगट पुढे केलं.

दर छोट्या महिन्याला एक दिवस आणि फेब्रुवारीला दोन-तीन, असं करत सहा वर्षांत कार्यालय गावाच्या एक्केचाळीस दिवस मागे पडलं होतं. कर्मचारी जुलैत घरून निघायचे, मेमध्ये कामावर पोचायचे, आणि तरीही अर्धा तास उशीर व्हायचा.

प्रकरण साहेबांकडे गेलं.

"एकतीस जून नव्हताच म्हणता? त्या दिवशी मी एकोणीस सह्या केल्यात. मग मी होतो कुठे?"

"खुर्चीतच होतात साहेब. पण तो एक जुलै होता."

"आमचा एक जुलै दुसऱ्या दिवशी झाला. नोंदवहीत बघा. तुम्हाला हवी म्हणून खोटी तारीख लिहू मी?"

"खरी आहे हो ती!"

"खरी असेल. नोंदीत नाही." मग साहेबांना दया आली. "एक करा. जुनी नोंद रद्द करू. मूल जन्मलंच नाही असं लिहून द्या, की लगेच नवी नोंद."

शाळेचे पाचच दिवस उरलेले. घड्याळजीने ठकीकडे न बघता लिहून दिलं. नोंदणीबाईंनी नवा कागद घेतला, मनगट बघितलं आणि लिहिलं: जन्म, तीस मे, चालू वर्ष. वय, शून्य.

"अहो ताई, ती समोर उभी आहे! पुढचे दोन दात पडलेत तिचे!"

"तसा शेरा टाकते." बाईंनी लिहिलं: मूल वयाच्या मानाने थोराड.

ठकीने सगळं नीट ऐकलं होतं. "बाबा, मग आता मी रांगू का?"

रांग खदाखदा हसली. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ घड्याळवाले, आटपा की लवकर!"

घड्याळजी गर्रकन वळला. "हसताय काय? तुमच्याही पोरांच्या तारखा चुकल्यात! सगळ्यांच्या!"

"ठाऊक आहे की," लगेच मागचा माणूस शांतपणे म्हणाला. "माझ्या पोराची अठरा दिवसांनी चुकलीय. पण कॅलेंडरात सापडते ना? मग झालं तर. उगाच बोंबलू नका, आमचीही शोधायला लागतील."

बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि आपापले दाखले खिशात आणखी खोल सारले.

शाळेच्या कॉम्प्युटरने नवी तारीख विनातक्रार घेतली. मुख्याध्यापिका अगदी खूश झाल्या. "आता कसा चोख कागद आणलात! या सहा वर्षांनी."

ठकी घरी बसली आहे. त्या रांगेतली बाकी सगळी मुलं शाळेत गेली. रांगेतले चेहरे घड्याळजीला पाठ आहेत, आणि वाचणाऱ्या भल्या माणसा, त्यात तुमचाही आहे. चुकीचा कागद खिशात घेऊन तुम्ही तिथे उभे होतात, आणि तो चुकीचा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. मग तोंड उघडलंत ते फक्त "आटपा" म्हणायला? का? उत्तर द्या. तारीख तुमच्या सोयीने घाला.