निकुरे मास्तरांची माळ

निकुरे मास्तर पंगतीत बसले की उसळीतला एकेक वाल सुईनं दोऱ्यात ओवायचे. मध्येच वांग्याची फोड, मग पुन्हा वाल. माळ पुरी झाली की उंच धरून म्हणायचे, "हे पाहा प्रथिन!" आणि खाऊन टाकायचे.

मी तेव्हा, १९६२ साली, गडचिरोलीतल्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. मास्तर शेजारच्या शाळेत विज्ञान शिकवत. एकटा जीव, म्हणून जेवायला आमच्याकडे. माझ्या पाककृतींच्या याद्यांवर त्यांचा भारी लोभ.

"बाई, तुमची अस्सल वही कपाटात, नक्कल चुलीपाशी. नक्कल वाचून रुखमा क्रमानं जिन्नस टाकते. शरीरातल्या पेशीत हेच! कृती केंद्रकात जपून ठेवलेली. तिची नक्कल बाहेर येते, अन् तिथं मण्याले मणी जोडून प्रथिन होते. अस्सल कपाटात, नक्कल कामावर!"

"आणि नकलेतली कोणती खूण म्हणजे कोणता मणी?"

"थे शास्त्रज्ञ अजून शोधून राह्यले. मले कळलं तं पहिले तुमाले सांगीन."

रुखमा ही आमची चौथी शिकलेली स्वयंपाकीण. त्या हिवाळ्यात ती सारखी हातपाय धरून बसू लागली. दळण पडून, पाणी भरायचं पडून. मला कामात खोळंबा खपत नाही. तिला काढण्याची चिठ्ठी मी लिहून टाकली.

"काऊन काढता?" मास्तरांनी विचारलं.

"कामचुकार आहे."

"डोळे पाह्यले का तिचे? पिवळे आहेत."

त्यांनी लगेच रुखमाच्या बोटाला सुई टोचली.

"अगाई! मास्तर, आता मले ओवता का?"

रक्ताचा थेंब दोन काचांमध्ये धरून, हवा लागू नये म्हणून त्यांनी कडा मेणानं बंद केल्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून मला पाहायला लावलं. गोल पेशींच्या गर्दीत कितीतरी पेशी धान कापायच्या विळ्यासारख्या वाकलेल्या.

"रक्तातल्या प्रथिनाच्या माळेत एक मणी चुकला, बाई. शेकड्यानं मणी, त्यात एक. कृतीच जन्मापासून तशी, म्हणून दर नक्कल तशीच. पेशी वाकते, बारीक नसेत अडकते, मंग दुखते. रागावून मणी बदलत नाई."

"पण तुम्हाला संशय कसा आला?"

ते सूक्ष्मदर्शकाची काच पुसू लागले.

"माह्या लहान बहिणीचं असंच दुखे. मी तिले ढोंगी म्हणे. धानाच्या रोवणीच्या वक्ती हात धरून चिखलात उतरवे."

"आता कुठे असते?"

"नाई ती."

स्वच्छच असलेली काच ते पुसत राहिले.

चिठ्ठी मी फाडली आणि रुखमाला बसून करायची कामं लावून दिली. दुसऱ्या दिवशी ती तांदूळ निवडत बसली होती. मास्तर जेवून उठले, तिच्यासमोर मांडी घातली आणि सूप आपल्याकडे ओढलं. शाळेची घंटा झाली.

"मास्तर, वर्ग!" मी म्हणाले.

ते खाली मान घालून खडे वेचत राहिले.