न चावणारा पट्टा

तारवाडीत जुन्या घड्याळाला नवा पट्टा चढवायचा तर घड्याळाची संमती लागते, आणि अण्णा चौगुल्यांच्या घड्याळाने मालनआक्कांच्या पट्ट्याला ती दिली नाही.

संमतीची पद्धत साधी आहे. पट्टा विणून झाला की तो घड्याळाशेजारी ठेवायचा आणि दोन्हींवर रात्रभर एक परात पालथी घालायची. सकाळी परात उचलली की घड्याळ आपलं मत सांगतं. बहुतेक घड्याळं एका शब्दात होकार देतात आणि टिकटिकायला लागतात. काही नखरेल असतात. कोल्हापुरातल्या एका वकिलाच्या घड्याळाने मागे पट्ट्याच्या लांबीला, रुंदीला आणि वासालाही हरकत घेतली होती. पण मालनआक्का रणदिव्यांच्या हातच्या चांदीच्या जाळीला आजवर कुणी नाक मुरडलं नव्हतं.

मुरडणार तरी कशाला? बारीक तारेच्या कड्या एकीत एक गुंतवून त्या अशी जाळी विणायच्या की पट्टा मनगटावर पाण्यासारखा पडावा. विणून झाला की तो नेसत्या रेशमी लुगड्याच्या पदरावरून उलटसुलट ओढायचा, ही तारवाडीची रीत. एक धागा जरी अडकला तरी अख्खा पट्टा उसवायचा. सासूच्या हाताखाली शिकून बाहेर पडल्यापासून आक्कांचा पदर कधी अडकला नव्हता. लुगडी विरली, फाटली, पण अडकली नाहीत.

अण्णा चौगुले कुस्तीच्या मैदानातले पंच. कुस्ती किती वेळ चालली हे या चावीच्या घड्याळावर बघून सांगायचे, आणि त्यांनी सांगितलं की हरलेला पैलवानसुद्धा वाद घालत नसे. अण्णा गेले त्या दिवशी घड्याळ थांबलं. त्यांची मुलगी पद्मा गावात पिठाची गिरणी चालवते. बापाचं घड्याळ आपल्या हातावर चालावं एवढीच तिची इच्छा होती, म्हणून ती आक्कांकडे आली होती.

परात उचलल्यावर घड्याळ म्हणालं, "पट्टा उत्तम आहे. पण चावत नाही."

"चावायचा कशाला?" आक्कांनी विचारलं.

घड्याळाने शांतपणे सगळं सांगितलं. अण्णांचा जुना पट्टा जत्रेत घेतलेला, यंत्रावरचा, लोखंडी जाळीचा होता. त्यातली एक कडी वाकडी होती. रोज सकाळी पट्टा चढवताना ती अण्णांच्या मनगटावरचा एक केस ओढायची. अण्णा "आयला" म्हणायचे. त्यावरून घड्याळाला कळायचं की आपण हातावर आहोत आणि दिवस सुरू झाला आहे. त्याशिवाय सुरू झालेला एकही दिवस त्याला आठवत नव्हता. तेव्हा जुना पट्टा परत द्यावा, नाहीतर नवा चावरा करून द्यावा.

जुना पट्टा परत देण्यासारखा राहिला नव्हता. आक्कांनी तो पद्मासमोरच मोडीवाल्याच्या पोत्यात टाकला होता, तोही मेलेला उंदीर उचलावा तसा दोन बोटांत धरून.

आक्कांचं डोकं फिरलं ते तिथे. एखाद्याने म्हणावं की रंग आवडला नाही, वजन झेपत नाही, समजू शकतं. पण चांगल्या कामाला केवळ ते चांगलं आहे म्हणून नाकारायचं? ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. त्यांनी परात भिंतीला टेकवली, घड्याळ पदराला बांधलं आणि तडक समितीकडे गेल्या. जाताना पद्मालाही बोलावून घेतलं, कारण घड्याळ तिचं होतं.

पट्टा तंटा समितीत तिघे बसतात. अध्यक्ष सिद्धाप्पा इंगळे, एक घड्याळजी, आणि घड्याळांच्या वतीने समितीच्याच भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ. आक्कांनी पहिली हरकत त्या लंबकावरच घेतली. जे उभ्या जन्मात कुणाच्या मनगटावर गेलं नाही, त्याला पट्ट्यातलं काय कळणार? लंबकाचं घड्याळ म्हणालं की म्हणूनच ते निःपक्षपाती आहे. हरकत फेटाळली गेली.

मग आक्कांनी आपला पट्टा टेबलावर टाकला. तो न वाजता पडला. घड्याळजीने तो हातात घेतला, गालावरून फिरवला आणि परत ठेवताना त्याला वाईट वाटलेलं सगळ्यांना दिसलं. पण निर्णय व्हायचा तोच झाला. घड्याळाचं म्हणणं रास्त आहे. आक्कांनी येत्या बाजाराच्या आत एक चावरी कडी घालून द्यावी, नाहीतर त्यांची तार वाकवायची पकड समितीच्या खुंटीला टांगली जाईल. तारवाडीत ज्याची पकड खुंटीला गेली, त्याने पुन्हा तार हातात धरायची नसते.

"आणि पदर अडकला तर पट्टा उसवायचा, त्याचं काय?" आक्कांनी विचारलं. "त्यो नियम बी तुमचाच हाय की."

सिद्धाप्पांनी मान डोलावली. "दोन्ही नियम खरं हाईत, आक्का. एक घड्याळाचा हाय, एक गावाचा."

म्हणजे धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. आक्का घरी आल्या त्या दार आपटूनच.

तरी त्या बसल्या. पकड जाणार म्हटल्यावर न बसून सांगतात कुणाला? त्यांनी पट्ट्याच्या कडेची एक कडी उचकटली आणि वाकडी घालायला घेतली. ती सरळ झाली. पुन्हा उचकटली, पुन्हा सरळ झाली. डोळे मिटून करून पाहिली, डाव्या हाताने करून पाहिली, चूल पेटत नसताना येतो तेवढा राग आणूनही करून पाहिली. दरवेळी पदर आपला सुळकन निघून यायचा. बोटांना दुसरं काही येतच नव्हतं. तेव्हा मात्र आक्कांना रडू आलं. वाईट काम करायचं नाही म्हणून त्या इतकी वर्षं ताठ मानेने जगल्या होत्या. आता करायचं म्हटलं तरी जमत नव्हतं आणि त्यापायी पकड जाणार होती.

घड्याळ म्हणालं की त्याला घाई नाही. आक्कांनी त्याच्यावर वाटी पालथी घातली.

बाजाराच्या आदल्या दिवशी पद्मा आली. कोपरापर्यंत पीठ, केसांतही पीठ. तिने उचकटलेली कडी पाहिली, आक्कांचे डोळे पाहिले.

"आक्का, मी घालू?"

"तुला येतंय व्हय?"

"न्हाई."

आक्कांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. मग पकड तिच्या हातात दिली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसल्या, कारण ते बघवणारं नव्हतं. पकड घसरल्याचं ऐकू आलं, तार कुरकुरल्याचं ऐकू आलं. दोनदा त्यांचा हात मागे वळला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

पद्माने घड्याळ पट्ट्याला जोडलं आणि मनगटावर चढवलं.

"आयला," पद्मा म्हणाली.

वाटी नव्हती, परात नव्हती, कुणी मत विचारलं नव्हतं. घड्याळ चालू लागलं. पद्मा बराच वेळ मनगट कानाशी धरून बसली होती.

समितीने पदर लावून पाहिला. तो अडकला. सिद्धाप्पा म्हणाले की नियम विणकरांना आहे आणि पद्मा गिरणीवाली आहे, तेव्हा उसवायचं कारण नाही. पकड आक्कांकडे राहिली. आक्कांनी मात्र त्या पट्ट्यावर आपली खूण उमटवायला साफ नकार दिला.

त्यानंतर रोज सकाळी गिरणीच्या बाजूने "आयला" ऐकू येऊ लागलं. आळीतले लोक ते ऐकून चहा टाकू लागले. आक्का तेवढ्यापुरते कान झाकून घ्यायच्या.

मग एका सकाळी आळी गप्प राहिली. आक्का चहाचा कप घेऊन ओट्यावर थांबल्या. चहा निवला, त्यावर साय धरली. आक्कांनी कप तसाच ठेवला, पकड उचलली आणि अनवाणीच गिरणीकडे निघाल्या.

पद्मा घड्याळ हातात घेऊन बसली होती. कडी झिजली असेल, ती म्हणाली. आता हाताला लागतच नाही. घड्याळ बंद होतं, आणि या खेपेला त्याने तक्रारही केली नव्हती. आक्कांना त्याचाच जास्त संताप आला.

"माझ्या पट्ट्यात असलं कच्चं काम?" त्या म्हणाल्या. "चार म्हयन्यात झिजतंय म्हंजे काय? बस खाली."

त्यांनी पद्माला ज्वारीच्या पोत्यावर बसवलं आणि पकड तिच्या हातात दिली. या वेळी भिंतीकडे तोंड केलं नाही. पद्मा घाबरून जपून वाकवत होती, आणि कडी हळूहळू गोल होत चालली. आक्कांनी तिच्या हातावर फटका मारला.

"तशी न्हवं. नीट वाकडी कर."

दळणाला आलेल्या बायका डबे घेऊन दारात थांबल्या होत्या. त्यातल्या एकीने विचारलं, गिरणी कधी सुरू व्हायची.

"जरा थांबा," आक्का म्हणाल्या. "अजून दिवस सुरू व्हायचाय."

बायकांनी डबे खाली ठेवले.