ऊबबहादरांची नेमणूक आणि केसोपंतांची रजा

श्रीकुलस्वामी साक्ष, अग्निनारायण साक्ष, ज्यांचे गुडघे दुखतात ते सर्व साक्ष. शके सोळाशे अडुसष्ट, क्षयनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, एका राज्याचे ठायी, ज्याचे नाव लिहिले तरी वाद आणि न लिहिले तरी वाद, म्हणोन लिहिण्याचे श्रम वाचविले, तेथे थंडी बहुत पडिली आणि महाराजांचे गुडघे वाताने धरिले. मग राजवैद्यांनी नाडी पाहिली आणि सांगितले जे, लेप जाहले, काढे जाहले, आता कोरड्या उष्णतेने घाम काढावा, दुसरा उपाय नाही. ते समयी हिमाच्या मुलखातील एक सौदागर नगरात उतरला होता, त्याने अर्ज केला जे, आमचे देशी घरोघर लाकडाची लहान खोली करितात, आत लोखंडी शेगडीवर दगड तापवितात, त्यांवर पळीभर पाणी टाकितात आणि बाकावर बसोन घामाघूम होतात, मग म्हातारेही जिने चढतात. महाराज प्रसन्न जाहले. देवघर आणि जामदारखाना यांचे मध्ये पाच हात लांब, चार हात रुंद जागा रिकामी होती, तेथे देवदाराची खोली उभी राहिली आणि शेगडी निवडण्याचे काम हमामखान्याचे कारभारी राजश्री केसोपंत यांजकडे आले.

हे केसोपंत चाळीस वर्षे चाकरीत होते. महाराजांस लहानपणी न्हाऊ घालणाऱ्यांस पाणी हेच काढून देत. आता त्यांचेही गुडघे वाजत, आणि तीन दिवसांच्या मजलांवर घाटाखाली त्यांचे गाव, तेथे त्यांचे कुटुंब लाडूबाई एकटी घर राखून होती. तिचा निरोप दर महिन्यास कासीद आणी, निरोप लांब नसे, "हरभऱ्याने घाटे धरिले. येणे कधी?" एवढाच असे. पंतांनी कायमची रजा मागितली, तेव्हा महाराज बोलिले, "पंत, एवढी शेगडी निवडा, आम्ही एकदा घाम गाळून उठतो, मग खुशाल जा." पंतांनी मुजरा केला आणि मनात म्हटले, शेगडी ती काय, आठ दिवसांचे काम. चाळीस वर्षे दरबारात काढून माणूस इतका भोळा राहतो, याचे आश्चर्य वाटते.

मग सौदागराने बजाविले जे, "हुजूर, माणूस पाहून नव्हे, खोली पाहून शेगडी घ्या. लहान खोलीस मोठी शेगडी घ्याल तर भाजाल, मोठ्या खोलीस लहान घ्याल तर कुडकुडाल. दुसरे शास्त्र नाही." पंतांस हे पटले. परंतु त्या राज्याची चाल ऐसी जे, सर्व वस्तू दर्जाने ठरत. छत्रीचा घेर दर्जाने, उशीची उंची दर्जाने, विड्यातील वेलदोडेही दर्जाने, आणि त्याचे दफ्तर बहिरोपंत दफ्तरदार सांभाळीत, जे पंतांचेच वयाचे आणि तितकेच थकलेले होते. त्यांनी पोथी उघडली, बोट ठेविले आणि म्हणाले, "अग्नीचे प्रकरण. हवालदारास मुठीएवढे निखारे, सरदारास घमेलेभर, महाराजांस बारा भोई उचलतील इतकी भट्टी. याहून कमी चालणार नाही." पंत म्हणाले, "दफ्तरदार, खोली पाच हातांची आहे." बहिरोपंत म्हणाले, "खोलीचा दर्जा पोथीत नाही, पंत. मी काय करू?" आणि खरेच, ते काय करणार? मग मसलती बसल्या, पुरा हिवाळा मसलतीत गेला, कोणी लाकडाची म्हणे, कोणी कोळशाची, कोणी धुरांडे पूर्वेस न्यावे म्हणे, आणि उन्हाळा लागल्यावर सर्वांचे एकमत जाहले जे, भट्टी बारा भोयांचीच ओतावी.

पुढील साली, प्रभवनाम संवत्सरी, कार्तिकात, भट्टी वाजतगाजत आली. दारातून जाईना म्हणोन भिंत काढिली, भट्टी आत ठेविली, भिंत बांधिली, तो आत महाराजांपुरतीच जागा राहिली, तीही अंग चोरून. भट्टी पेटली. महाराज आत गेले आणि विडा चघळून होतो इतक्या वेळात बाहेर आले. देवदाराची राळ पाघळून बाकावरून ठिबकत होती, महाराजांची डावी भिवई गेली होती आणि गुडघे जैसे होते तैसेच होते, कारण गुडघ्यांपर्यंत घाम पोचण्यापूर्वीच महाराज पळाले होते. मग पंतांनी अर्ज केला जे, भट्टी निम्मीच पेटवावी. मानकरी गरजले, "महाराजांचा अग्नी निम्मा म्हणजे महाराज निम्मे!" पंतांनी म्हटले, मग खोली वाढवावी. तर एका बाजूस देव, दुसऱ्या बाजूस जामदारखाना, आणि उपाध्ये म्हणाले, "देव हलणार नाहीत. त्यांचेही गुडघे आहेत." इकडे कासीद आला, निरोप आला, "गाय व्याली. खरवस तुमच्यावाचून खाल्ला. येणे कधी?" पंतांनी तो कागद दोनदा वाचिला आणि पागोटे काढून गुडघ्यावर ठेविले. त्यांस रडू आले नाही, रडण्यासही अंगात जोर लागतो.

मग पंत सौदागराच्या राहुटीत गेले. तेथे तो सौदागर आपली लहानशी लोखंडी शेगडी पेटवून तीवर दगड रचून बसला होता, आणि राहुटी पाच हातांचीच होती. पंत जरा टेकले, घटकाभरात कपाळी घाम आला आणि कैक वर्षांत प्रथम गुडघे न वाजवता उठले. त्यांनी ती शेगडी मागून घेतली आणि काखोटीस मारून दफ्तरी आणली. बहिरोपंतांनी पाहिली आणि मान हलविली, "हवालदाराचीही नव्हे. ही शिपायाची शेगडी. हिजपुढे महाराज बसले तर मान कोणाचा राहील?" तेव्हा केसोपंत इतके थकले होते जे, विचार न करता बोलून गेले, "मग तिला सरदार करा आणि मोकळे व्हा." दफ्तरदारांनी बोट पोथीवर ठेविले, पुष्कळ पाने उलटली आणि म्हणाले, "शेगडीस सरदारी देऊ नये ऐसे कोठे लिहिलेले नाही."

मग दरबार भरला. शेगडीस शालजोडी पांघरली, चौघडा वाजला, ऊबबहादर हा किताब आणि पंचहजारी जाहली. आता पंचहजारी सरदार एका कारभाऱ्याचे हाताखाली कैसा राहील, असा प्रश्न मानकऱ्यांनी काढिला, तेव्हा पंतांनीच आपले हाताने सनदेत ओळ घातली, "हमामखान्याचे मुख्य," आणि शाई सुकावी म्हणोन वाळू टाकिली. काय लिहिले हे त्यांनी वाचून पाहिले नाही. घरी जाण्याची घाई होती. मोठी भट्टी भिंत फोडून बाहेर काढिली, ऊबबहादर आत विराजमान जाहले, पाच हातांची खोली मंद तापली, महाराज अर्धा प्रहर बसले, धारा लागल्या, आणि काठी न घेता उठले. "पंत," महाराज म्हणाले, आणि त्यांचे डोळे पाण्याने भरले होते, "तुम्ही आम्हांस आमचे पाय दिले. जा. घरी जा."

पंत तैसेच दफ्तरी गेले, अर्ज पुढे केला. बहिरोपंतांनी वाचिला, पोथी उघडली. मग म्हणाले, "पंत, रजेवर वरिष्ठांचे उत्तर लागते. हमामखान्याचे मुख्य कोण?" पंतांस सनद आठवली. ते तडक महाराजांपाशी गेले, तर महाराज म्हणाले, "आम्ही मध्ये पडलो तर ऊबबहादरांचा मान जाईल, आणि त्यांजवाचून आमचे एक दिवस चालत नाही." न सांगता जावे, तर बिनहुकूम वेस ओलांडणाऱ्याचे नाव फरारी म्हणोन त्याच्या गावच्या चावडीवर लिहीत, आणि चाळीस वर्षांच्या चाकरीनंतर लाडूबाईने ते वाचावे हे पंतांस सोसणारे नव्हते. मग पंत नित्य स्नान करून ऊबबहादरांपुढे अर्ज धरून उभे राहत. साहेब तापत, निवत, बोलत नसत. उन्हाळा लागला, साहेब पेटेनातसे जाहले, आणि थंड साहेबांपुढे अर्ज ठेवणे रीतीत नाही, म्हणोन पंत पावसाळाही सरेतो थांबले. निरोप येतच होते. शेवटचा आला तो असा, "पावसात सरकलेली छपराची कौले फिरविली. मी बरी आहे. येणे कधी, हे आता विचारीत नाही."

हा वाचून पंत उठले. विभवनाम संवत्सर, मार्गशीर्षातील सकाळ, ऊबबहादर नुकतेच पेटले होते. पंतांनी मुजरा केला, शेगडीचे दार उघडले आणि अर्ज साहेबांच्या तोंडात दिला. साहेबांनी तो तत्काळ घेतला. मग निवल्यावर पंतांनी चिमटीने राख उचलली, कागदाच्या पुडीत बांधिली आणि दफ्तरी नेऊन ठेविली. बहिरोपंतांनी पुडी उघडली. "हे काय?" "वरिष्ठांचे उत्तर." "अक्षर लागत नाही, पंत." "साहेबांचे अक्षर असेच आहे. दुसरे कोणी पाहिले असेल तर सांगावे." दफ्तरदारांनी पुडी सरळ केली. मग शिक्का उचलून हळूच मारिला, राख उडू नये इतका हळू, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पंत, जाण्यापूर्वी आमचाही एक अर्ज आहे. साहेबांस दाखवाल काय?" पंतांनी तोही दाखविला.

तीन मजला चालून पंत घरी पोचले. लाडूबाई अंगणात धान्य पाखडीत होती. सूप खाली ठेवून तिने पाहिले आणि म्हणाली, "येणे जाहले एकदाचे." पंत ओटीवर टेकले, गुडघे वाजले. ती आत गेली, चुलीतील तापली वीट काढिली, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या गुडघ्यावर ठेविली आणि शेजारी बसली. मग विचारिले, "दोन वर्षे अडविले, असे काय काम होते तिकडे?"

पंत म्हणाले, "शेगडी निवडीत होतो."

 वीट निवली तशी लाडूबाईने उठून दुसरी आणली, आणि पंतांनी तिचा हात धरून ठेविला, हे त्यांनी उभ्या जन्मात दिवसाउजेडी प्रथमच केले.

एवंच, महाराजांचे पाय चालते जाहले, ऊबबहादर आजही पदावर आहेत, आणि दफ्तरी पंतांच्या नावापुढे राखेची एक पुडी टाचलेली आहे. वाचणाऱ्याने ती उघडू नये, उडेल. लिहिणाराही आता थकला आहे, त्याचे वरिष्ठ कोण हे तो शोधीत आहे.