दृष्टीचं मीठ

केळी मरताना बोलतात, हे चुडामणला त्या साली कळलं. वाऱ्याचा पत्ता नसायचा, तरी दिवेलागणीला करपलेली पानं खर्रखर्र करायची. तिकडे देशात संस्थानं एकामागून एक विलीन होत होती, इकडे दापोऱ्यात चुडामणची केळ एकामागून एक मान टाकत होती. घड उतरले की त्याच्या लेकीचं, कमलचं, लग्न होतं, शेजारच्या कडूच्या पोराशी, दिगंबरशी.

सुरुवात कडूनंच केली. बांधावरून म्हणाला, "वा भाऊ! केळ आहे का हत्तीची सोंड?"

"नजर लागली!" चुडामणची बायको मथुराबाई पुटपुटली. तिनं मूठभर मीठ बागेवरून उतरवलं आणि रीतीप्रमाणे बागेला पाणी देणाऱ्या वाहत्या पाटात सोडलं. मीठ विरलं की नजर विरते! पण पानांच्या कडा करपल्या. मग पसाभर, मग सूपभर. मिठावरचा कर नुकताच उठला होता, त्यामुळे हातही सैल. जितकं मीठ, तितकी केळ काळी.

पुढे तर माती पांढरी पडली, जणू कुणी चिता विझवून गेलं. घरी परतणारी गुरं वाट सोडून बागेत शिरायची, न हंबरता माना घालून उभी राहायची.

"आन पाटाच्या शेवटाला कडूचा कापूस बघा, हिरवागार! तेच पाणी ना? करणी नाही तर काय? जा, सोयरिकीचा नारळ परत करून या!" मथुराबाईनं नवऱ्याला फर्मावलं.

नारळ घेऊन चुडामण बागेतून निघाला. कडूचीच गाय तिथं जमीन चाटत होती. त्यानं चिमूटभर माती जिभेवर ठेवली. दापोऱ्यात समुद्र आला होता! केळीनं खारं पाणी पिऊन जीव सोडला, कापूस तेच पाणी पचवून बसला.

तेवढ्यात कापसातून कडू आला, चेहरा पांढराफटक.

"भाऊ, वहिनींचा हात भलता जबर! ती बला त्यांनी बांधावरच रोखली, माझ्या कापसाला बिलकुल धक्का नाही. लग्न केळीसाठी अडवू नका, माझ्या कापसावर उरकू. फक्त वहिनींना म्हणा, पलीकडं माझी बी केळ आहे, तिचीही नजर उतरवा."

चुडामणनं नारळ धोतराच्या सोग्यात दडवला. खरं सांगावं तर बायकोची गावभर शोभा, न सांगावं तर व्याह्याची बाग मसणात.

"कडूभाऊ," तो हळूच म्हणाला, "तिचा हात कापसालाच मानवतो. केळीच्या वाटेला तिला नेऊ नको."

मागं वाऱ्याशिवाय पानं खर्रखर्र बोलली. कडूनं त्या काळ्या बागेला हात जोडले.