गाडीखालचे तातोबा

तातोबा मिस्त्री माणसाला चेहऱ्यावरून नव्हे, पायांवरून ओळखत. साताऱ्याच्या मोटारस्टँडवर ते बहुतेक वेळ गाडीखाली उताणे असायचे. वहाणा वाजल्या की खालून आवाज यायचा, "शंकर, डाव्या वहानंचा अंगठा तुटाय आलाय. शिवून घे." शंकर म्हणजे मी, तिथल्या एका प्रवासी गाडीचा ड्रायव्हर.

लढाईत ते फौजेच्या गाड्या दुरुस्त करीत. लढाई संपून वर्ष झालं, तरी शिस्त उतरली नव्हती. गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या दोन नळ्या, एक पेट्रोलची, एक ब्रेकच्या तेलाची, हा त्यांचा जीव की प्राण. नळी वीतवीतभर अंतरावर पट्टीनं आवळलेली हवी, पट्टीखाली चामडं हवं. "हालतंय ते घासतंय, घासतंय ते फाटतंय," असं ते दिवसातून दहादा म्हणत. एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या मुंडावळ्या हलवून बघितल्या आणि सैल लागल्या म्हणून परत बांधल्या. आम्ही पोट धरून हसलो. हसण्यात मी सगळ्यांच्या पुढं.

एकदा ते म्हसवडला गावी गेले असताना माझ्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. दुसऱ्या मिस्त्रीकडून नवा बसवून घेतला, पण त्या कामात ब्रेकच्या नळीची पट्टी कुठंतरी हरवली. गाडीची वेळ झालेली. मी नळी सुतळीनं बांधली आणि निघालो.

चार दिवसांनी तातोबा परतले. आल्या आल्या गाड्यांच्या मालकांनी त्यांना महाबळेश्वरला बंद पडलेल्या गाडीकडं धाडलं. ते काम उरकून परतताना ते माझ्याच गाडीत, माझ्या शेजारी बसले. सुतळीचं मी बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी गाडी तिथंच अडवली असती.

केळघरचा घाट उतरताना पायाखालचा ब्रेक एकाएकी तळाला गेला. परत दाबला. रिकामाच. गाडीत बावीस माणसं, डावीकडं दरी.

तातोबा हळूच म्हणाले, "बोलू नगंस. गिअर खाली घे."

गिअर करकरत पडला.

"आता हातब्रेक वड. थोडा थोडा. आन गाडी डोंगराला घासू दे."

उजवी बाजू खडकावर खरवडत गेली. मागं एक बाई देवाचं नाव घेत होती. वळण दहा हातांवर असताना गाडी थांबली.

माणसं उतरवली, चाकांना दगड लावले. धक्क्यानं टाकीतून सांडलेल्या पेट्रोलचा वास सुटला होता. एकानं बिडी काढली, तशी तातोबांनी ती त्याच्या बोटांतून काढून घेतली आणि ते गाडीखाली शिरले. गाडी करकरली. एक दगड बोटभर सरकला.

"तातोबा, भाईर या."

"तू दगड धर."

मी दोन्ही हातांनी दगड दाबून धरला. आत हातोडी वाजत होती. मागच्या चाकांकडं जाणारी फाटकी नळी त्यांनी दुमडून, ठोकून बंद केली, तेल भरलं. पुढच्या चाकांना तेवढे ब्रेक आले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात सुतळीचा तुकडा होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तो खिशात टाकला.

तेवढ्यावर घाट उतरून मेढ्याला पोचलो. तिथं मालकांच्या माणसानं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "गावी जायच्या आदी पट्टी माज्याकडनं सैल ऱ्हायली."

मी त्यांना बाजूला गाठलं. "आवं, माझं पाप तुमी का घेतलं?"

"तुला काडला असता, दुसरा ड्रायव्हर आला असता. त्येला शिकवाया परत एक घाट लागला असता." मग खिशातला सुतळीचा तुकडा काढून म्हणाले, "मीबी एकदा सुतळी बांधली हुती. लढाईत, मिसरात. गाडी माजा दोस्त चालवत हुता. त्यो परत आला न्हाई. हितलाच, मेढ्याचा. त्येची आई हाय हितं."

"भेटलात कवा?"

"आळीच्या तोंडापतुर दोनदा गेलो."

मी त्यांच्याबरोबर गेलो. म्हातारी दारात तूर निवडत बसली होती. तातोबा अंगणातच थबकले, म्हणून मीच पुढं होऊन म्हणालो, "मावशी, हे तुमच्या लेकाचे फौजेतले दोस्त."

तातोबा खाली बसले आणि त्यांनी सारं सांगितलं. सुतळीसुद्धा. म्हातारीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिनं विचारलं, "शेवटाला त्येच्याजवळ कोन हुतं?"

"मी हुतो."

ती भिंतीला धरून उठली. "आत ये," म्हणाली.

तातोबा आत गेले. मी बाहेरच थांबलो.