अख्खा भोपळा आणि चिनी पुडी

सावित्रम्माने भोपळा चुलीपुढून उचलला, दारापर्यंत नेला आणि पुन्हा आणून चुलीपुढेच ठेवला. ही तिसरी खेप. अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी पुरुषानेच लावायची असते. बाईने लावली तर घराला बरं नसतं. का, ते विचारू नये. विचारणाऱ्याच्या घरीसुद्धा हेच पाळतात.

आणि चार वाजता वळसंगहून मुलाचे वडील शरणप्पा जगदेवीला बघायला यायचे होते. मुलगा चांगला, जमीन बागायती. पण जगदेवीचा बाप ईरप्पा वीस दिवस तापाने झोपून पार चिपाड झालेला. ताप उतरला तरी भिंत धरल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं. असा सासरा दिसला की घरात क्षय आहे म्हणत पाहुणे गाडी उलटी फिरवणार. मग पोरीला कोण करून घेणार?

औषध होतं. ईरप्पाच्या दुकानात रेशीम घेऊन येणारा चिनी फेरीवाला काल एक पुडी देऊन गेला होता. सुरकुतलेल्या लाल खारका, तांबडे बारीक दाणे, कसल्याशा मुळीच्या चकत्या आणि संत्र्याची वाळकी साल. "लाल कद्दू के साथ दो घंटा उबालो. सेठ खडा होगा," तो म्हणाला होता. पाऊस सरून थंडी यायच्या आधी त्याच्या मुलखात म्हणे हेच पितात. ईरप्पाचा डॉक्टरवर काडीचा विश्वास नव्हता, पण ह्या माणसाने आठ वर्षांत कधी बोटभर कापड कमी मोजलं नव्हतं.

"अगं, झालं का?" आतून ईरप्पा कण्हला.

"होतंय की! पुरुष शोधायलेय!"

"काय?"

"भोपळ्यासाठी हो!"

"मग मी कोण हाय? आण इकडं!"

तिने नेला. ईरप्पाने सुरी उचलली, ती गोधडीवर पडली आणि पाठोपाठ तोही.

गल्लीतले बापे मिलमध्ये. शेजारचा विणकर तेवढा मागावर होता. "अक्का, बायकोला सातवा महिना लागलाय," तो म्हणाला. "मी कसा भोपळा फोडू?" पोटुशीच्या नवऱ्याने भोपळा फोडू नये, खरंच होतं ते. कोपऱ्यावरची बनाबाई म्हणाली, "आमचं म्हातारं हाय की! पण हात लई कापतेत. भोपळा ऱ्हाईल आन् बोट जाईल."

सावित्रम्मा हात हलवत परत आली, तर दारात गाडी! ऊन व्हायच्या आत पोचावं म्हणून शरणप्पा आणि त्यांची बायको नीलम्मा सकाळीच निघाले होते.

शिव शिवा! पण समोर पुरुष उभा होता. सावित्रम्माने पाणी विचारायच्या आधी सुरीच पुढे केली.

"अण्णा, एवढं करता का?"

शरणप्पा ह्याच मातीतले. भोपळा बघितला आणि काही न विचारता बसले. तीन घाव लागले, घामही फुटला. प्रवासाचा असेल.

"भाजी का?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठीच, अण्णा!" सावित्रम्मा बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"मालक कुटं हायत?" नीलम्माने विचारलं.

"पूजेला बसलेत. सोमवार न्हवं का!"

आतून लांबलचक कण्हणं आलं.

"लई भक्ती हाय," नीलम्माने हात जोडले.

दोन तास सावित्रम्मा चूल आणि आतली खोली अशी येरझार घालत होती. शेवटी वाटी पाहुण्यांपुढे ठेवावीच लागली. शरणप्पांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि वाटी पुढे केली. दुसरी संपली. तिसरीही. पातेलं तळाला गेलं, तसं आतलं दार उघडलं आणि गोधडी पांघरलेला ईरप्पा भिंत धरत बाहेर आला.

"अगं ए! माझं औषध त्यांना का पाजलीस? वीस दिवस तापानं मेलो की मी!"

सावित्रम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. झालं, सोयरीक गेली.

तोच नीलम्माच रडायला लागली. "अय्यो, आमचे बी महिनाभर निजून होते वो! बाप आजारी म्हटल्यावर पोरगी कोण देणार, म्हणून बोललो न्हाय. आज पहिल्यांदा पोटात कायतरी ऱ्हायलं बघा."

मग ईरप्पा हळूच शरणप्पांजवळ टेकला.

"किती होता ताप?"

"एकशे तीन," शरणप्पा ताठ बसत म्हणाले.

"हॅ! मला एकशे चार. थर्मामीटरची काच फुटायची ऱ्हायली!"

शरणप्पांचा चेहरा पडला. मुलाकडची माणसं ती! नीलम्मानेही पदर सावरून गाडीकडे बघितलं. सावित्रम्माने मागून गोधडी ओढली.

"अहो, नीट आठवा."

ईरप्पाने बायकोकडे पाहिलं, दाराआड उभ्या लेकीकडे पाहिलं.

"चुकलो. एकशे दोनच होता."

"तरीच म्हटलं," शरणप्पा म्हणाले. "बोलवा पोरीला. सुपारी फोडू."