एकवीस पूर्ण

केबिन रोडवरच्या पडवळकाकांनी पहिल्याच भेटीत मला सिगारेट नाकारली. तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो, मुलगी बालवाडीत जात होती. फक्त दाढी नुकतीच केलेली.

"जन्मसाल?" टपरीतून काकांनी विचारलं.

मी हसलो. ते हसले नाहीत. शेवटी लायसन्स दाखवलं. ते उलटसुलट करून पाहिलं, नि मगच पाकीट पुढे केलं. "राग मानू नका. चेहरा फसवतो."

कायद्याची पाटी अठरा म्हणत होती. काकांनी तिच्याखाली स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला होता: 'इथे एकवीस पूर्ण. वाद घालू नये.'

लोक घालायचेच. "चाचा, सरकार अठारह बोलता है!"

"तो सरकार के दुकान पे जाव."

कॉलेजची पोरं ओळखपत्र काढायची, काका बोटांवर महिने मोजायचे. एकाला अकरा दिवस कमी पडले. "बाराव्या दिवशी ये. नाही आलास तर जास्त बरं." गुटख्याच्या माळा तेव्हा सगळीकडे राजरोस लटकायच्या. शेजारच्या टपरीवर त्या रोज नव्या असत, काकांकडच्या उन्हाने विटत.

एका शनिवारी संध्याकाळी मी तिथे उभा असताना मोटारसायकल येऊन थांबली. चालवणाऱ्याला आमच्या भागात सगळे नुसतं 'भाऊ' म्हणत, तेही हळू आवाजात. मागे त्याचा भाचा. काकांनी दुपारीच या भाच्याला गुटखा नाकारला होता.

"याला दे," भाऊ म्हणाला.

"तुम्ही घ्या, तुमचं वय आहे. तो एकोणीसचा. त्याला नाही."

"मी सांगतोय ना, दे."

गिऱ्हाईकं पांगली. मीही अर्धं पाऊल मागे सरकलो, खोटं कशाला सांगू? भाऊने सुपारीची बरणी उचलून काकांच्या नाकासमोर धरली. "शेवटचं विचारतोय."

काकांनी दोन्ही हात फळीखाली घेतले.

"नाही."

बरणी रस्त्यावर फुटली. मग दुसरी. तिसरी उचलली तेव्हा भाचाच त्याचा दंड धरून म्हणाला, "मामा, चल ना. नकोय मला."

भाऊ क्षणभर काकांकडे बघत राहिला. बरणी ठेवली, किक मारली, गेले.

काचा गोळा करताना काकांचा तळवा चिरला. मी रुमाल बांधला आणि त्यांना नवघरला चाळीतल्या खोलीवर सोडायला गेलो. वाटेत म्हटलं, "काका, दोन-तीन वर्षांसाठी एवढं कशाला?"

खोलीत खाटेवर पंचविशीतला एक तरुण बसला होता. त्यांचा मुलगा. काकांनी दुसरा हात धुतला, पेजेची वाटी घेतली. मुलाचं तोंड बोटभरही उघडत नव्हतं. ओठांच्या फटीला चमच्याचं टोक लावून काका पेज हळूहळू आत सोडत होते.

"माझ्याच टपरीवरचा गुटखा," ते मान न वळवता म्हणाले. "लपून नाही, मला विचारून घेतला. अठरा पूर्ण होती. मीच म्हटलं, आता मोठा झालास."

चमचा पुन्हा वाटीत गेला.

"धंदा सोडावासा वाटतो. पण दुसरं काही येत नाही हो. याचं औषधही त्यातूनच. सोमवारी टपरी उघडायला हवी."

मुलगा काकांच्या हातावरच्या रुमालाकडे बघून काहीतरी म्हणाला. मला नुसता घोगरा आवाज ऐकू आला.

"काही नाही रे, काच लागली."

तो पुन्हा बोलला, या वेळी माझ्याकडे बघून. मी गोंधळून काकांकडे पाहिलं.

"बसा, चहा घेऊन जा म्हणतोय," काका म्हणाले, आणि स्टोव्ह पेटवायला उठले.